मोरचूद, चुना आणि मुक्त तांबं

रोहिणी नक्षत्र लागलं की इंदुरातल्या पंसाऱ्यांकडे आणि शेती-औषधांच्या दुकानांत मोरचुदाची विचारणा सुरू होते. सांवेर-देपालपूरकडचे लिंबू, संत्री, डाळिंब लावलेले शेतकरी पोत्याने नेतात, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातले बागवाले पाव किलोची पुडी. दुकानदार 'नीला थोथा' म्हणून तोलून देतो. घरी आल्यावर तो फवारणीसाठी चुन्यात मिसळताना मात्र बहुतेक ठिकाणी एकच चूक होते: मोरचूद काट्यावर मोजला जातो आणि चुना डोळ्यांच्या अंदाजाने पडतो. मग चार दिवसांनी पानांच्या कडा तांबूस होऊन करपल्या की सगळा दोष मोरचुदाच्या माथी.

मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, म्हणजे बोर्डो मिश्रण असो, टाकीतलं शेवाळ असो किंवा गुरांच्या खुरांचं औषध, मोरचुदाच्या प्रत्येक वापरात विचारायचा प्रश्न एकच असतो. पाण्यात मुक्त, म्हणजे विरघळलेलं तांबं या घडीला किती आहे? बुरशी मारतं ते मुक्त तांबं, शेवाळ मारतं तेही मुक्त तांबं, पान जाळतं आणि मासे मारतं तेसुद्धा तेच. प्रमाणं, क्रम, चाचण्या हे सगळं ते तांबं मुठीत ठेवण्यासाठी आहे.

माल ओळखणे

मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, दर रेणूमागे पाण्याचे पाच रेणू धरून स्फटिक झालेलं. 250 ग्रॅम मोरचुदात साधारण 63.5 ग्रॅम तांबं आणि 90 ग्रॅम पाणी असतं. म्हणजे किलोमागे तांबं सुमारे 254 ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे जमिनीचा हिशेब करताना लागेल.

निळा रंग त्या पाण्यामुळे आहे. खडा तापवला तर साधारण 63 अंशांना पाण्याचे दोन रेणू जातात, 109 च्या आसपास आणखी दोन, आणि शेवटचा 200 अंशांजवळ. उरते ती पांढरी भुकटी. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते. प्रयोगशाळेत पाण्याचा अंश ओळखायला ती वापरतात ती यासाठीच. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की उघड्या पुडीतल्या खड्यांवरसुद्धा पांढुरका थर येतो. असा माल खराब समजून फेकू नका. त्यातलं थोडं पाणी उडालंय एवढंच, तांबं जागच्या जागी आहे.

खरा वाईट माल वेगळा. खडे हिरवट दिसत असतील तर त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. तपासायला चिमूटभर माल काचेच्या पेल्यात पाण्यात विरघळवा आणि त्यात लिकर अमोनिया (अमोनियाचं पाण्यातलं द्रावण) थेंब थेंब सोडा. आधी फिकट निळा साका धरतो. अमोनिया आणखी वाढवला की तो साका विरघळून स्वच्छ, गडद निळं, जवळजवळ शाईसारखं द्रावण होतं. शुद्ध मोरचुदात पेल्याच्या तळाशी काही उरत नाही. हिराकस असेल तर मळकट हिरवा गाळ राहतो आणि तो हवेत बघता बघता गंजासारखा तपकिरी होतो. अमोनियाच्या वाफा डोळ्यांत जातात, म्हणून हे काम ओट्यावर नको, गच्चीवर करा.

विरघळवण्याची एक जुनी युक्ती आजही सर्वांत चांगली आहे. खडे बादलीच्या तळाशी टाकले तर त्यांच्याभोवती जड, दाट द्रावणाचा थर साचतो आणि खाली खडे तसेच पडून राहतात. वरचं पाणी मात्र जेमतेम निळं होतं. त्याऐवजी खडे सुती फडक्यात सैल बांधून पुरचुंडी पाण्याच्या वरच्या थरात टांगा. द्रावण तयार होईल तसं जड होऊन खाली सरकतं आणि खड्यांना ताजं पाणी मिळत राहतं. रात्री टांगलेली पुरचुंडी सकाळी रिकामी झालेली असते. घाई असेल तर थोड्या गरम पाण्यात विरघळवा, पण चुन्यात मिसळण्याआधी ते पूर्ण थंड झालं पाहिजे.

भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी किंवा जस्ताची बादली अजिबात नको. लोखंड आणि जस्त हे दोन्ही धातू तांब्याला द्रावणातून हाकलून स्वतः विरघळतात. बादलीच्या आतून तांबूस लेप चढतो, बादलीला भोकं पडतात आणि ज्या तांब्यासाठी पैसे दिले ते भिंतीला चिकटून बसतं.

बोरिंगच्या जड पाण्यात नुसता मोरचूद टाकला तर पाणी गढूळ, दुधट निळं होतं. पाण्यातले बायकार्बोनेट तांब्याला धरून त्याचा न विरघळणारा कार्बोनेट बनवतात. बोर्डोसाठी याने फारसं बिघडत नाही, कारण पुढे चुना पडणारच आहे. शेवाळासाठी मात्र सगळा हिशेब यावर फिरतो.

बोर्डो: मोरचुदाला चुन्याची वेसण

1882 साली फ्रान्सच्या मेदोक भागात प्येर-मारी-अलेक्सिस मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा या बुरशीजन्य रोगाने बागा उजाड झालेल्या असताना रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून बागवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत असत. मियार्देंनी रसायनतज्ज्ञ युलिस गायों यांना बरोबर घेऊन प्रमाणं बसवली आणि 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. तांब्याचा बुरशीवर परिणाम होतो हे 1807 मध्येच बेनेदिक्त प्रेव्हो यांनी गव्हाच्या काणीवर दाखवलं होतं. तांबं पानावर न जाळता कसं टिकवायचं, ते चुन्याने सोडवलं.

एक टक्का बोर्डोचं प्रमाण: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. घरच्या बागेला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि दहा लिटर. कोवळी पालवी किंवा नाजूक झाडं असतील तर निम्मी ताकद, म्हणजे दहा लिटरला 50-50 ग्रॅम.

पाण्याचे दोन सारखे भाग करा. एका भांड्यात पाच लिटर पाण्यात मोरचूद. दुसऱ्यात चुना: कळीचा चुना असेल तर त्यावर थोडं थोडं पाणी घालत तो फुटू द्या. तो चांगलाच तापतो, उकळतो आणि उडतो, म्हणून चष्मा हवा आणि चेहरा भांड्यावर वाकवायचा नाही. निवल्यावर पाणी वाढवून पाच लिटर करा, ढवळा, आणि नायलॉनच्या जाळीतून किंवा दुहेरी फडक्यातून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर कण नोझलमध्ये अडकतात आणि अर्धा दिवस पिन घेऊन नोझल साफ करण्यात जातो.

आता मोरचुदाचं पाणी बारीक धारेने चुन्याच्या दुधात ओता आणि दुसऱ्या हाताने लाकडी काठीने सतत ढवळा. किंवा दोन जणांनी दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावीत. उलट क्रमाने, म्हणजे मोरचुदात चुना ओतत गेलं तर सुरुवातीला सगळं मिश्रण आम्लधर्मी असतं आणि साका भरड पडतो. दोन्ही दाट द्रावणं आधी मिसळून मग पाणी वाढवणं हीसुद्धा तशीच चूक. भरड कण पंपात तळाशी बसतात आणि पानावर धरत नाहीत, पहिल्या सरीत धुऊन जातात. चांगलं बोर्डो आकाशी निळं, लोण्यासारखं मऊ असतं आणि काचेच्या पेल्यात ठेवलं तर फार हळू खाली बसतं.

ते ताजंच वापरायचं. पहिल्या काही तासांत साका जेलीसारखा असतो, वाळला की पानाला घट्ट चिकटतो. ठेवून दिला तर त्याचे हळूहळू स्फटिक होतात आणि चिकटपणा जातो. म्हणून सकाळी केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

चुना कुठे दगा देतो

इथे जरा थांबायला हवं, कारण दहापैकी बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

250 ग्रॅम मोरचुदातलं सगळं तांबं साक्यात उतरवायला हिशेबाने फक्त 56 ग्रॅम शुद्ध कळीचा चुना लागतो. म्हणजे एक किलो मोरचुदाला सव्वादोनशे ग्रॅम. मग कृतीत एक किलो का? एक तर बाजारात मिळणारा चुना शुद्ध नसतो. दुसरं म्हणजे जास्तीचा चुना पानावरच्या थरात राखण करत बसतो: दव आणि पावसाच्या पाण्याने तांबं सुटू लागलं की तो त्याला पुन्हा धरतो, त्यामुळे तांबं एकदम मोकळं न होता दिवसेंदिवस थोडं थोडं सुटतं.

एवढी चौपट सूट असूनही मिश्रण बिघडतं त्याची कारणं दोन. पहिलं, शिळा चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. पावसाळाभर उघड्या पोत्यात पडलेली विरलेल्या (पाणी घालून फोडलेल्या) चुन्याची भुकटी दिसायला तशीच पांढरी असते, पण कामाची थोडीच उरलेली असते. कटनीकडचा चांगला चुना आणला तरी त्याला हे लागू आहे. कळीचा चुना घेताना हातात जड लागणारे, कडक, न भुकटलेले खडे निवडा; पाणी टाकल्यावर जो खडा तापत नाही, तो बाजूला काढा. विरलेल्या चुन्याची पुडी घेणार असाल तर बंद पिशवीतली ताजी घ्या, आणि प्रमाण किलोला सव्वा ते एक किलो तीनशे ग्रॅम धरा, कारण एक किलो कळीच्या चुन्यापासून पाणी धरून सुमारे 1.32 किलो विरलेला चुना होतो.

दुसरं कारण निवळी. पुष्कळ जण चुना भिजवून वरची स्वच्छ निवळी तेवढी घेतात, नोझल तुंबू नये म्हणून. पण विरलेला चुना पाण्यात विरघळतो तो लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम. पन्नास लिटर निवळीत चुना येतो 85-90 ग्रॅम. एक किलो मोरचुदाला विरलेला चुना किमान 300 ग्रॅम लागतो. म्हणजे निवळीने केलेल्या 'बोर्डो'त दोन तृतीयांशाहून जास्त तांबं मोकळंच राहतं. ते फवारलं की पान जळणारच. बोर्डोला चुन्याचं गाळलेलं दूध लागतं, निवळी नाही.

म्हणून फवारणीआधी चाचणी केल्याशिवाय पंप भरू नये. लोखंडी खिळा किंवा चाकूचं पातं कानशीने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, तेलकट हात लावू नका. मिश्रणात एक-दोन मिनिटं धरा, बाहेर काढून उजेडात बघा. पातं आहे तसं राखाडी राहिलं तर मिश्रण तयार आहे. पात्यावर तांबूस झाक आली, धारेजवळ ती आधी दिसते, तर मुक्त तांबं शिल्लक आहे. चुन्याचं दूध थोडं थोडं घाला, ढवळा, पातं पुन्हा घासून पुन्हा बुडवा. जुनी तांबूस झाक न घासता केलेली दुसरी चाचणी फसवते. पीएच कागद असेल तर सात किंवा जरा वर हवं. रंगही सांगतो: आकाशी निळा ठीक, हिरवट झाक असेल तर चुना कमी.

फवारणी कधी आणि कशावर

बोर्डो हा बंदोबस्त आहे, उपचार नाही. पानावर वाळलेल्या थरातून दवाच्या पाण्यात किंचित तांबं सुटतं, तिथे रुजू पाहणाऱ्या बुरशीच्या बीजाणूत शिरतं आणि त्याची विकरं बंद पाडतं. बुरशी एकदा पानाच्या आत गेली की वरचा थर तिला हात लावू शकत नाही. त्यामुळे टोमॅटो-बटाट्यावर करप्याचे ठिपके मोजून झाल्यावर केलेली फवारणी फक्त नव्या पानांना वाचवते.

पाऊस येण्याआधी थर पूर्ण वाळला पाहिजे. सकाळी दव उडाल्यावर, वारा नसताना, पुढचे काही तास उघडीप दिसत असेल तेव्हा फवारा. दमट, ढगाळ हवेत पान तासन् तास ओलं राहिलं तर तांबं जास्त सुटतं आणि चांगल्या बोर्डोनेही कोवळी पालवी डागाळते. भर फुलोऱ्यात नको. काकडी, दोडका, भोपळ्याच्या लहान रोपांना तांबं सोसत नाही.

भुरीवर तांबं फारसं चालत नाही, तिथे गंधक. करपा, केवडा, लिंबाचा खैऱ्या, रोपवाटिकेतली रोपं कोलमडणं हे तांब्याचे खरे विषय. खैऱ्या जिवाणूमुळे होतो. रोगट फांद्या छाटून जाळणं आणि पावसाळ्यातली नवती (नवी पालवी) निघताना फवारणी करणं, दोन्ही लागतं.

फोसेटिल ॲल्युमिनियम हे फायटोप्थोरावरचं (मुळं आणि खोड कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जिवावरचं) औषध मोसंबी-संत्र्यावाले वापरतात. ते आम्लधर्मी आहे. तांब्याच्या औषधाबरोबर एका पंपात किंवा लागोपाठ फवारलं तर बांधलेलं तांबं मोकळं होऊन पानं जळतात. दोन्हींत अंतर ठेवा.

हे सगळं करायला वेळ नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची 50 टक्के भुकटी, लिटरला तीन ग्रॅम. त्यात तांबं आधीच बांधलेलं असतं, चाचणी लागत नाही. लिटरमागे दीड ग्रॅम तांबं जातं, एक टक्का बोर्डोत अडीच. घरच्या चार कुंड्यांसाठी तेच बरं. पण पावसात टिकण्यात ताज्या बोर्डोची बरोबरी ते करत नाही, आणि बागेच्या एकरी खर्चाचा विचार केला तर बोर्डो स्वस्तच पडतं.

खोडाला पेस्ट

माळव्याच्या काळ्या जमिनीत लिंबूवर्गीय झाडाचा मोठा शत्रू डिंक्या. जमीन पाणी धरून ठेवते, फायटोप्थोरा मुळाजवळच्या ओल्या सालीतून शिरतो, साल काळी पडून तडकते आणि डिंक गळू लागतो. आगर-शाजापूरच्या संत्र्यांच्या पट्ट्यापासून बंगल्यातल्या एकट्या कागदी लिंबापर्यंत गोष्ट तीच.

पेस्ट दहा टक्क्यांची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घरी एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, एक लिटर पुरून उरते. इथे मिश्रण दाट असल्याने साका थोडा भरड पडतो, ते चालतं; ब्रशने लावायचं आहे. खिळ्याची चाचणी मात्र इथेही करा.

कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी, फिकट रंगाचं लाकूड-साल दिसेपर्यंत खरवडा. खरवडलेले तुकडे खाली पडू देऊ नका, कागदावर गोळा करून जाळा, आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी चाकू स्पिरिटने पुसा. जखम कोरडी होऊ द्या, मग जमिनीपासून दोन ते तीन फुटांपर्यंत सगळ्या खोडाला पेस्ट लावा, फक्त जखमेला नाही. पहिला हात मृगाच्या आधी, दुसरा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात.

आणि पेस्ट लावून पाण्याचं आळं खोडाला भिडवून ठेवलं तर सगळी मेहनत वाया. खोडाभोवती एक छोटं आतलं आळं मातीच्या वरंब्याने बंद ठेवा आणि पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर माती ओढून तो उघडा करा. काळ्या जमिनीत मी तर पेस्टपेक्षा या दुहेरी आळ्याला वरचा नंबर देईन.

गुलाबाची छाटणी झाल्यावर कापलेल्या टोकांना हीच पेस्ट. शेंडामर कापातूनच उतरते, त्यामुळे कात्री आणि ब्रश एकाच वेळी हातात असावेत. संध्याकाळी एकदम लावू म्हटलं की निम्मे काप राहतात.

जमिनीत साचणारं तांबं

तांबं कुजत नाही, विघटित होत नाही. जे फवारलं ते पानांवरून शेवटी मातीत येतं आणि वरच्या थरात बसतं. एक टक्का बोर्डो हेक्टरी 1000 लिटर फवारलं तर एका फवारणीत अडीच किलो तांबं गेलं. युरोपीय संघाने सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो. वर्षात दोन पूर्ण फवारण्यांतच आपण ती ओलांडतो. आपली काळी जमीन विम्ल असल्याने तांब्याला बरंच बांधून ठेवते, त्यामुळे लगेच अपाय दिसत नाही. पण गांडुळं आणि मातीतल्या बुरश्या हळूहळू कमी होतात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात ज्या शहरात कंपोस्टची पद्धत बसवली आणि जिला 'इंदूर पद्धत' हेच नाव मिळालं, तिथल्या बागवाल्यांनी तरी बोर्डोने निळी झालेली छाटणी कंपोस्टच्या ढिगात टाकू नये. ढीग कुजवण्याचं काम ज्या बुरश्या करतात, त्यांनाच आपण विष घालतो.

दर पंधरा दिवसांनी कॅलेंडर बघून फवारण्यापेक्षा पाऊस आणि नवती बघून फवारा. पावसाळ्यात दोन-तीन वेळा, नेमक्या वेळी, पुरतं.

टाकी आणि शेततळं

ठिबकच्या टाकीतलं किंवा शेततळ्यातलं शेवाळ घालवायला मोरचूद नुसताच, चुन्याविना वापरतात. मात्रा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर, म्हणजे मुख्यतः त्यातल्या बायकार्बोनेटवर) ठरते. क्षारता पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅममध्ये) घ्या, शंभराने भागा. तेवढे पीपीएम मोरचूद. क्षारता 200 असेल तर 2 पीपीएम, म्हणजे हजार लिटरला दोन ग्रॅम, आणि दहा लाख लिटरच्या तळ्याला दोन किलो. क्षारता 50 पेक्षा कमी असेल तर वापरू नका, तांबं मोकळंच राहून मासे मरतात. 250 च्या वर असेल तर तांबं लगेच खाली बसतं आणि पैसे पाण्यात. ज्यांची बोरिंग फार जड आहे त्यांची 'मोरचूद टाकला, काहीच झालं नाही' ही तक्रार यातूनच येते.

मासे असलेल्या तळ्यात शक्यतो नकोच. टाकायचाच असेल तर एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्शाला, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे तांब्याने नव्हे, गुदमरून मरतात. पिण्याच्या टाकीत कधीही नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. दोन पीपीएम मोरचुदातच अर्धा मिलिग्रॅम तांबं येतं.

बाकीचे उपयोग, थोडक्यात

गोठ्यात खुरं सडत असतील तर पाच टक्के द्रावणाचं पायस्नान, शंभर लिटरला पाच किलो. शेण पडत गेलं की ते तांब्याला बांधतं आणि द्रावण निकामी होतं, म्हणून आधी साध्या पाण्याने पाय धुवून मगच जनावरं त्यातून न्यावीत. मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं. फवारलेल्या बागेतलं गवत त्यांना घालू नका.

रक्तदान शिबिरात बोटाचा थेंब निळ्या पाण्यात टाकतात ते मोरचुदाचं द्रावणच, 1.053 विशिष्ट घनतेचं. थेंबाभोवती तांबं-प्रथिनाचं कवच धरतं, त्यामुळे तो काही सेकंद फुटत नाही. पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅमच्या वर. लघवीतली साखर तपासणारं बेनेडिक्टचं द्रावण लिटरला 17.3 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 173 ग्रॅम सोडियम सायट्रेट असं बनतं; तिथे सायट्रेट तांब्याला हळुवार धरून ठेवतो, म्हणून अल्कलीतही ते खाली बसत नाही.

सांभाळ आणि आवराआवर

मोरचुदाचे खडे दिसायला सुंदर आणि मुलांच्या हाती लागण्याजोगे असतात. दहा ते वीस ग्रॅम पोटात गेला तर मोठ्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. उलटी होते, हिरवी-निळी. मग रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृत आणि मूत्रपिंडावर घाला येतो. घरी मीठ-पाणी पाजून आणखी उलटी करवू नका, सरळ रुग्णालय गाठा आणि पुडी बरोबर न्या. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं. मोरचूद सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. झाकणाचा प्लास्टिक डबा, त्यावर ठळक नाव, आणि स्वयंपाकघराबाहेरचं कुलूपबंद कपाट. घरगुती पोथीतून वाचून तुत्थ (म्हणजे मोरचूदच) शुद्ध करण्याचे आणि पोटात घेण्याचे प्रयोग तर अजिबात नकोत.

पंप वापरून झाला की लगेच दोनदा साध्या पाण्याने धुवा. वाळलेला चुना नळीत बसला असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा, मग ते पाणी नोझलमधून काढा आणि पुन्हा साधं पाणी फिरवा. व्हिनेगरने सुटलेलं तांबं मुक्त असतं, ते पुढच्या फवारणीत पानावर जाता कामा नये. उरलेलं मिश्रण गटारात ओतू नका. आपल्या नाल्यांचं पाणी कान्ह नदीतून पुढे क्षिप्रेला जातं, आणि इंदूरची सिरपूर व यशवंत सागर ही 2022 पासून रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळं आहेत. मुळात दहा लिटर लागणार असेल तर दहाच लिटर करा. तरी उरलं तर झाडांच्या जुन्या, जाड सालीच्या खोडांवर ब्रशने फिरवा. नुसतं मोरचुदाचं पाणी उरलं असेल तर त्यात चुन्याचं दूध घालून खिळा तांबूस होईनासा करा, साका खाली बसू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ वाळवून डब्यात बंद करून घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या.